जयंती अजून आत आहे

भुज, आषाढी बीज

चिरंजीव धवल,

जय जलाराम. आपलं कच्छी नवं वर्ष लागलं, तेव्हा आधी बाचे आशीर्वाद घे. मी बोलते, केंद्रातली इला लिहिते. अक्षर सुरेख दिसलं तरी भुलू नकोस, तुझी आजी अंगठाबहाद्दरच आहे. मस्कतला उकाडा कसा? इथे माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक.

इला डोळे वटारतेय.

बरं, ऐक. केंद्रात रक्त चढवून घ्यायला थॅलेसेमियाची मुलं येतात तशीच येतात. तुझ्या बापानं, माझ्या जयंतीनं, बनवलेला जुना प्रोग्राम अजून चालतो. कॉम्प्युटर तीन, पण मुलांच्या माहितीची फाईल एकच. कुणी प्रोग्रामच्या आत असताना वीज गेली की ती बिघडते, म्हणून संध्याकाळी बटण बंद करण्याआधी जयंती ओरडायचा, "निघालात का?" प्रत्येकीनं प्रोग्राम बंद करून "निघाले" म्हणायचं. मी चिडवायची, "शेळ्या मोजतोस का रे?" "हो बा, आणि मागे राहणारी शेळी नेहमी इलाच असते."

आता मी ओरडते. इला निघते, हंसा नर्स निघते.

छातीत कळ आली तेव्हा तो आतच होता. आम्ही त्याला उचलून दवाखान्यात पळालो, घाईत कुणीतरी मेन स्विच पाडला. तेव्हापासून प्रोग्राम सांगतो, जयंती आत आहे. आणि सगळे बाहेर आल्याखेरीज फाईलची डागडुजी होत नाही, ही अट त्यानंच घातलेली.

इला म्हणाली, "बा, त्यांचं नाव हातानं काढता येतं."

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. रोज तेच म्हणत आले.

काल दोन मुलींच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या, रक्तगटासकट. हंसानं पिशवी लावण्याआधी पुन्हा तपासलं, म्हणून छोटी रिद्धी वाचली. तिच्या आईला काही कळलं नाही. आज ती मला सणाची लापशी देऊन गेली. ती मी हंसापुढे ठेवली.

कॉम्प्युटर बंद ठेवलेत. हंसा सगळं हातानं लिहितेय, पण ते फार दिवस निभणार नाही.

जयंतीचं तेरावं झालं आणि तू केंद्राची पायरी न चढता निघून गेलास. या प्रोग्रामवरूनच बापाशी अबोला धरला होतास, ठाऊक आहे मला. तू म्हणत होतास तसा नवा बसव, माझी ना नाही. पण आधी ये. नाव तू काढ, इलाच्या हातून नको.

मी शेजारी बसेन. वाचता येत नसलं तरी पडद्यावर त्याचं नाव कुठलं ते मला ओळखू येतं, रोज बघते ना. मग मी ओरडेन, "निघालास का?"

त्याच्या वतीनं उत्तर तू दे.

बटणापाशी बसलेली,
तुझी बा