दार कोणी धरायचं

सोमवार, ४ मार्च

पुलाच्या चढावर आज व्हॅनचं दार पूर्ण उघडलं. आपोआप! सरकत मागे गेलं आणि माझ्या डाव्या मांडीशेजारी रस्ता धावायला लागला. एक स्कूटरवाला आत डोकावून बघत गेला — जणू मीच हवा खायला उघडलंय.

ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "मावशी, पट्टा सोडलात का?"

सोडला नव्हता. शिंक आली, हातातून निसटला. आता माणसाने शिंकायचंही नाही?

हे दार चढाला उघडतं आणि उताराला आपटतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या वकीलबाईंचं बोट त्यात सापडलं, नख अजून नीट आलेलं नाही. खालचं चाक झिजलंय, कुलूप पकडत नाही. म्हणून ड्रायव्हरने दाराच्या आतल्या मुठीला जुन्या बॅगेचा पट्टा बांधलाय. दाराशी बसेल त्याने तो दवाखान्यापर्यंत ओढून धरायचा. दार लागलं नसल्याचा लाल दिवा समोर सारखा पेटायचा, त्यावर त्याने चिकटपट्टी लावली. झाली दुरुस्ती.

आणि दाराशी मीच का? तर आम्ही पाचही जण डायलिसिसचे. प्रत्येकाचा एक हात सुयांचा — त्यातली नस ऑपरेशन करून जाड केलेली. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, त्याचं बीपीसुद्धा घेऊ द्यायचं नाही. बाकी चौघांचा सुयांचा हात डावा. मी डावरी. जन्मभर शिवणाच्या कारखान्यात डाव्या हाताने कापड कापलं, म्हणून डॉक्टरांनी माझा उजवा घेतला. आणि व्हॅनचं दार डावीकडे. म्हणजे धडधाकट डावा हात गाडीत एकटा माझाच. वकीलबाई मला 'दरवान' म्हणतात. इतके दिवस मलाही त्याचं जरा कौतुक वाटायचं. आज नाही वाटलं.

बुधवार, ६ मार्च

मशीनवर बसून लिहितेय. उजव्या हातात सुया, डाव्यात पेन. इथे कुणी उठवत नाही, कुणी कामं सांगत नाही.

गाडी ज्या संस्थेची, तिचे सेक्रेटरी आज वॉर्डात आले होते. सगळ्यांच्या पायाशी उभं राहून 'कसं काय, बरं आहे ना' करत होते. मी म्हटलं, बरं नाही. दाराचं सांगितलं.

"मावशी, गाडी देणगीतली आहे. देणाऱ्यांचं नाव आहे तिच्यावर."

आहेच की. दारावरच आहे, हातभर अक्षरांत. दार उघडलं की तेही मागे जातं.

"आणि इतक्या जुन्या गाडीचे भाग मिळत नाहीत हो. मेकॅनिकने हात वर केले."

"त्याला वर करता येतात," मी म्हटलं. "मला नाही करता येत. माझ्या हातात तुमचं दार असतं."

शेजारच्या पलंगावर वकीलबाई खोकल्या. हसू आलं की त्या खोकतात.

सेक्रेटरी हसले नाहीत. "फुकट नेतो-आणतो आपण लोकांना. थोडं सांभाळून घ्या."

फुकट म्हणून रस्त्यावर सांडायचं का आम्हाला? बटाट्याचं पोतं असतं तरी तोंड बांधून नेलं असतं. हे मात्र तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय. नेहमीचंच.

गुरुवार, ७ मार्च

मुलगा म्हणतो, "आई, वाद घालू नकोस. गाडी बंद केली त्यांनी तर काय करशील?" त्याला पहाटे कामावर जावं लागतं. बस दोनदा बदलावी लागते आणि डायलिसिसनंतर मला आमचा जिनाही चढवत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. माझंही नाही.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी

ठरलं. जाताना धरेन, येताना धरणार नाही. परतीला मी मागे जाऊन बसणार. पट्टा धरायला कुणी नसेल तर ड्रायव्हर गाडी काढणार नाही, आणि गाडी दवाखान्याच्या दारात अडली की सेक्रेटरींना धावत यावंच लागेल. बघू कसं सांभाळून घेतात.

शुक्रवार, संध्याकाळी

घरी पोचले, आधी लिहून टाकते.

परतीला मी मागे, आमच्यातल्या दोघा पेशंट भावांशेजारी जाऊन बसले. म्हटलं, दरवानाने राजीनामा दिलाय. ड्रायव्हर बिचारा नुसता बघत राहिला. तेवढ्यात बेकरीवाले उठले. ते नवीन, याच महिन्यात आमच्यात आले. भला माणूस. "त्यात काय बाई, मी धरतो. भट्टीवर राबलेले हात आहेत." आणि जाऊन बसले दाराशी.

डायलिसिसनंतर आम्ही सगळे पिळलेल्या कपड्यासारखे असतो. वकीलबाईंचे डोळे मिटलेले. भाऊ पेंगत होते. मी तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत बसले, कारण माझा बेत फसला होता. सुयांच्या हाताने दार धरायचं नाही हे आम्ही बेकरीवाल्यांना कधी सांगितलंच नाही. सांगायची वेळच आली नव्हती, दाराशी कायम मी. नर्सने त्यांना ओझं उचलू नका सांगितलेलं. दार म्हणजे ओझं असं कुणाच्या मनात येईल?

सुरुवातीला ते उजव्या हाताने आडवं धरून होते. पुलाच्या चढावर दाराने हिसका दिला आणि त्यांनी दोन्ही हात घातले.

सुयांच्या जागेवरची पट्टी सुटली. रक्त असं उडालं की आधी मला ते रक्त वाटलंच नाही. वकीलबाई झेपावल्या, जखमेवर तळवा दाबून धरला आणि ओरडल्या, "गाडी वळव!" ड्रायव्हरने भर पुलावर वळवली. दार सताड उघडं. मी मागून बेकरीवाल्यांच्या शर्टाची कॉलर डाव्या हाताने धरून ठेवली होती. ते बाहेर पडू नयेत म्हणून. दार नाही धरलं, माणूस धरला.

वाचले.

रविवार, १० मार्च

बेकरीवाल्यांना दवाखान्यात भेटून आले. मुलगा घेऊन गेला होता. हाताची नस बंद पडली त्यांची, गेली कामातून. आता डायलिसिससाठी मानेत नळी घातलीय. दुसऱ्या हाताची नस तयार व्हायला किती महिने लागतील कोण जाणे.

वाटेत ठरवलं होतं, त्यांची माफी मागायची आणि सोमवारपासून गुपचूप पुन्हा दाराशी बसायचं. माझ्यामुळे झालं हे मनातून जात नाही. मी सीट सोडली नसती तर ते तिथे बसले नसते. तसं बोललेही.

ते छताकडेच बघत होते. मान वळवता येत नाही ना. मग म्हणाले, "बाई, तुम्ही धरून होतात म्हणून तर ते दार इतके दिवस तसंच राहिलं. आता परत धरलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

मला रडूच आलं. मुलगा बाजूला उभा होता, तो खिडकीशी गेला.

सोमवार, ११ मार्च

गाडी फाटकाशी आली. मी गेले नाही. ड्रायव्हर वर आला, "मावशी, माझी नोकरी जाईल." म्हटलं, तुझ्या जागेवर बसून तूही एकदा मागे वळून बघ, आणि मग सांग मला बस म्हणून. तो चहाही न घेता गेला.

वकीलबाईंचा फोन — त्याही बसल्या नाहीत. दोघे भाऊही नाहीत, जे एरवी कशालाच नाही म्हणत नाहीत! गाडी रिकामी गेली. वकीलबाई म्हणाल्या, "आता पाणी कमी पी आणि जिभेला आवर घाल." पाण्याचं जमेल.

मंगळवार, १२ मार्च

कालचं डायलिसिस चुकलं, पाणी अंगातच राहिलं; पाय सुजून खांब झालेत. आडवं झालं की दम लागतो. खुर्चीत बसून लिहितेय. तोंड कोरडं, पाणी घोटभरच.

भीती वाटते. लिहून टाकलं, बस. भीती वाटते, पण त्या गाडीत बसणार नाही.

मुलगा कालपासून धुसफुसत होता. आत्ता येऊन म्हणाला, "उद्या रजा टाकलीय. खांद्यावर घालून नेईन, पण त्या गाडीत नको बसूस."

बुधवार, १३ मार्च

मशीनवर. सुया टोचल्या तेव्हा हायसं वाटलं — असं मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

सकाळी मुलाने रिक्षा आणली, तर फाटकाशी भाड्याची टॅक्सी उभी आणि पुढच्या सीटवर खुद्द सेक्रेटरी. झालं असं की डॉक्टरांनी त्यांना काल फोन केला — माझे पेशंट कुठे आहेत, आणि यातलं कुणी दगावलं तर मी कागदावर काय कारण लिहू? त्यावर सेक्रेटरींनी तिथल्या तिथे टॅक्सी सांगितली म्हणे. ही वॉर्डबॉयने रंगवून सांगितलेली हकीकत, थोडी वजा करून घ्यावी.

टॅक्सीत सेक्रेटरी मागे न बघता म्हणाले, "ती गाडी आता रस्त्यावर येणार नाही मावशी."

"बेकरीवाल्यांना सांगा," मी म्हटलं. "स्वतः जाऊन."

गेले दुपारी; बेकरीवाल्यांचाही पलंग याच वॉर्डात. पलंगाशी हात जोडून उभे राहिले. वकीलबाई या खेपेला खोकल्या नाहीत.

शुक्रवार, २२ मार्च

नवी व्हॅन आली. म्हणजे कुणाची तरी वापरलेलीच, पण दार ओढलं की खट्ट करून लागतं आणि लागलेलंच राहतं. पुलाच्या चढावर आम्ही पाचही जण दाराकडे बघत होतो. मूर्खासारखे. बेकरीवालेही आज पहिल्यांदा आले, मधल्या सीटवर, मान ताठ. म्हणाले, "असाच ताठ राहिलो तर बायको म्हणेल गर्व झाला."

जुनी गाडी काढून टाकली, सेक्रेटरी म्हणाले. सुटलो एकदाचे. माझा डावा हात मांडीवर नुसता पडून होता, त्याचं काय करावं कळेना.

मंगळवार, २६ मार्च

औषधं घेऊन येत होते. कोपऱ्यावर तीच व्हॅन! वरून पिवळी रंगवलेली, पण दारावरची हातभर अक्षरं रंगाखालून अजून दिसणारी, आत शाळेची मुलं खच्चून. दाराशी दोन वेण्यांची एक मुलगी, दप्तर मांडीवर, दोन्ही हातांनी दार ओढून धरलेलं. काढून टाकलेली गाडी कुठे गेली हे मी विचारलंच नव्हतं.

रस्त्यात जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, मी हलले नाही. मुलीला म्हटलं, "सोड बाळा ते. उतरा सगळे."