गॅसवरचा चहा

पिरंगुट,
मंगळवार, २१ फेब्रुवारी १९८४. दुपारी पावणेतीन. साइटवर विटांचा ढीग मोजून नुकताच बसलोय.

आदरणीय मोहिद्दीनभाई,

अस्सलामु अलैकुम. अब्बांची तब्येत ठीक आहे. शेळीला दोन करडं झाली. सोलापुरात ऊन चढलं असेल, गिरणीत पाणी पीत जा.

नवं घर तुम्ही अजून पाहिलं नाही. दाबलेल्या मातीच्या विटा, सहा घरांवर एकच लांब छप्पर, दोन घरांमध्ये एक भिंत. आराखडा काढणाऱ्या पुण्याच्या बाई म्हणतात, पुढे माणसं वाढतील, जमीन आणि झाडं वाढणार नाहीत, तेव्हा घरं अशीच बांधावी लागतील. सहा घरांचा संडास आणि शेण एकाच टाकीत जातं. त्याचा गॅस होतो आणि हसिना त्यावर स्वयंपाक करते. लाकूड लागत नाही. मी इथे हजेरी लिहितो, म्हणून पहिलं घर आपल्याला मिळालं.

रविवारी पौडहून हसिनाला बघायला आले होते. मुलगा चांगला आहे, बांगड्यांचं दुकान आहे. त्याची आई, बद्रुन्निसाचाची, दोन कप चहा प्यायल्या आणि मुलगी पसंत म्हणाल्या. मग कोणीतरी गॅस कशाचा होतो ते सांगितलं. चाची उठून आंब्याखाली गेल्या आणि ओकल्या. परत आल्या त्या चपला घालायलाच.

"घाणीवर शिजवलेलं पाजलं आमाला," एवढंच म्हणाल्या.

स्थळ आणणारे हाफीजमामा तोंड फिरवून हसत होते. अब्बांनी मान वर केली नाही.

भाई, सांगणारा मीच. टाकीचं माप, पाइपाची लांबी, सगळं सांगितलं. मला वाटलं, कौतुक करतील.

काल मामा निरोप घेऊन आले. पाइप काढा, चूल मांडा, मग ३ मार्चला येऊन मंगनी करतो. अब्बा म्हणाले, आत्ताच काढ. मी पाना लावून नट सैल केला, तेवढ्यात हसिना मागे येऊन उभी राहिली.

"घट्ट कर त्यो, जैनूभाई. अम्मी धुरानं खोकून खोकून गेली, तवा तिचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. त्यांच्यात अठरा माणसं न् एक चूल हाय. मला तितं देऊ नका."

मी म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील.

"लोकांचंच हाय की त्या टाकीत," ती म्हणाली.

पाहुण्यांपुढे जिचा आवाज फुटत नाही, ती आपली बहीण असं बोलली. रात्रभर मला तेच ऐकू येत होतं. नट मी घट्ट केला. अब्बांना सांगितलं, पाना मोडला.

आता ती म्हणते, तीन तारखेला चहा गॅसवरच करीन, आणि पाहुण्यांनी कप तोंडाला लावायच्या आत स्वतः सांगीन. अब्बांना यातलं काही ठाऊक नाही. मला त्यांच्यापुढे बोलता येत नाही, तुम्हाला येतं. दोन तारखेपर्यंत या.

येऊन तुम्ही अब्बांच्या बाजूने बोललात, तरी तो पाइप माझ्या हातून निघणार नाही.

तुम्हाला न विचारता पहिल्यांदाच काही ठरवलेला,
तुमचा धाकटा भाऊ
जैनुद्दीन