काकांच्या खाटेवरचा उजेड

१२/४/९६, शुक्र.
सकपाळकाकांचा पाय प्लास्टरमध्ये, तिसरा आठवडा. आखातातला हा लेबर कॅम्प, खोलीला खिडकी नाही आणि दिवसा दिव्यांची लाईन कॅम्प बॉस बंद ठेवतो. आम्ही कामावर, हे अंधारात एकटे. काल संध्याकाळी आलो तर विचारतात, "सकाळ झाली काय रे?" पाय जुळेल, पण माणूस हातचा जाईल असं वाटतं.

१३/४
मी कामाला आहे त्या तुबलीच्या गॅरेजात पाण्याच्या बाटलीवर ऊन पडलं होतं. मागची अंधारी भिंत उजळली. डोक्यात किडा.

१४/४
जयंती. लंचमध्ये कॅम्पवर येऊन खोलीच्या छपरावर. पत्रा कापला, प्लास्टिकची बाटली पाणी भरून बसवली, अर्धी वर, अर्धी आत. कडेने डांबर, घरी पावसाआधी लावतो तसं, चांगलं जाड. खाली आलो तर खोलीत लख्ख! काकांनी भिंतीवरच्या फोटोला हात जोडले. मग रडले. मीही.

२६/४, शुक्र.
काका पत्रं स्वतः वाचतात. दाढी केली. म्हणाले, "उजेड कलला की समजतं, तू येशील आता." सगळे मला इंजिनिअरसाहेब म्हणतात.

१९/५
डांबर वितळलं. इथे पाऊस मफी, म्हणजे नाहीच, नुसतं ऊन, हे मला कळू नये? घरची अक्कल इथे पाजळली. बाटली निसटून थेट काकांच्या पायावर. प्लास्टरचा लगदा, हाड हललं. हॉस्पिटलात नवीन प्लास्टर. आणखी सहा आठवडे. माझ्यामुळे, फक्त माझ्यामुळे.
 काकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२०/५
कॅम्प बॉस: "छत में छेद किसने किया? बंद करो, यल्ला!" म्हटलं, सिलिकॉन लावून नीट बसवतो. "खलास!" विषय संपला.
पत्र्याचा तुकडा मीच ठोकला. भोकातून काका वर बघत होते, ते झाकेपर्यंत.

३१/५, शुक्र. सुट्टी.
काका जेवत नाहीत. घरचं पत्र आलंय, फोडलेलं नाही. "मी वाचू?" तर मान हलवली, नको.
आज जेवणाचं ताट घेऊन गेलो. अंधारातून म्हणाले, "रात्र आहे काय रे?"
"हो काका. झोपा."
लगेच कूस बदलली. बाहेर आलो, दुपारचा एक वाजला होता.
सिलिकॉनची नळी आणून ठेवलीय ट्रंकेत. अजून उघडली नाही.