तेल न घातलेला पियानो

प्रिय अहो,

लग्नानंतर तुम्ही एकटेच सुरतेला कमवायला आलात आणि मी मागे शिरपूरला राहिले, तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. पत्र लिहायचं म्हणजे वर नाव घालावं लागणार, आणि तुमचं नाव घ्यायची मला लाज. आता घेतलं तरी ऐकायला कोण आहे? तरी 'अहो'च लिहिलंय. सवय आहे, राहू द्या.

आज लिहायचं कारण असं, की काल आपल्या घरात पियानो आला. वैशूसाठी तुम्ही भिशी लावलीत आणि लूमच्या खात्यातल्या सगळ्यांची टिंगल ऐकून घेतलीत, तोच. लूम चालवणाऱ्या माणसाच्या पोरीला पियानो कशाला, असं तुमचे शेठ तुमच्या तोंडावर म्हणाले होते. तो कसा निवडला ते तुम्हाला सांगायचं आहे. त्या भानगडीत तुमच्याबद्दलही मला एक गोष्ट कळली. ती काही फार गोड नाही, पण ऐकून घ्या.

आधी माझी एक खोड सांगते. तुम्ही गेल्यापासून काहीही ठरवायचं असलं की मी मनात तुम्हाला विचारते. नणंदेच्या मुलीच्या लग्नात काय द्यायचं? छपराचे पत्रे बदलायचे की अजून एक पावसाळा काढायचा? वैशूला बी.कॉम. पुरं करू द्यायचं की नाही? मी विचारते आणि तुमच्या आवाजात उत्तर येतं. कधी कधी ते उत्तर मला सोयीचं असतं हेही कबूल करते, पण बहुतेक वेळा अगदी तुमच्यासारखंच असतं. तुमच्या जिवावर मी हे वर्ष काढलं, असं म्हटलं तरी चालेल.

तर वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे गावाला गेले आणि भिशी आपल्या नावावर लागली. नेमकं त्याच आठवड्यात वैशूच्या पियानोच्या मॅडमनी घर आवरायला घेतलं. त्या मुलाकडे परदेशी चालल्यात. इतकी वर्षं वैशूचा खरा रियाज त्यांच्याच पियानोवर व्हायचा, घरी तर तो खेळण्यासारखा कीबोर्ड. त्यांचा पियानो आधीच नात्यात देऊन झालेला. मॅडम गेल्या म्हणजे पियानो गेला, तिची वरची परीक्षा गेली, आणि लहान मुलांचा क्लास काढायचं तिच्या मनात होतं तेही गेलं. भिशी काय, एकदाच लागते. त्या पैशात चुकीचा पियानो घेतला असता तर पुन्हा घेणं आपल्याच्यानं झालं नसतं. हे वैशूलाही माहीत होतं आणि मलाही.

तुम्हाला आठवतं का, रविवारी तुम्ही तिला मोपेडवर मॅडमकडे सोडायचात आणि रात्रपाळीचे डोळे घेऊन बाहेर पायरीवर बसायचात? एकदा घरी येऊन मला म्हणालात, "आज वैशूनं काय सुंदर वाजवलं, ऐकायला हवं होतंस." त्या दिवशी वैशू आत बसून नुसती लिहीत होती. वाजवत होते ते सूर लावणारे काका. एकच पट्टी पुन्हा पुन्हा, ठण ठण ठण! वैशू हसून हसून लोळली होती आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग काकांनी सुंदर वाजवलं." लूमच्या आवाजात तुमचे कान कधीच गेले होते, पण कौतुक करायचं काही तुम्ही सोडलं नाहीत.

पहिल्यांदा आम्ही दुकानात गेलो. नव्या पियानोची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. मग दुकानदारानं विजेवर चालणारा दाखवला, आपल्या पैशात बसणारा, वर कव्हर फुकट. वैशूनं त्यावर थोडं वाजवलं, आभार मानले आणि उठली. मला म्हणाली, याच्या पट्ट्या बोटांना उत्तर देत नाहीत. मला त्यातलं काही कळलं नाही. तुम्हाला विचारलं, तर तुम्हालाही काही कळेना.

मग इथल्याच पर्वत पाटिया भागातल्या एका शेठजींचा जुना पियानो विकायचा असल्याचं कळलं. वय झालेलं, बोलायला गोड माणूस. पूर्वी त्यांची स्वतःची लूम होती, ती विकून आता साड्यांचा व्यापार मुलगा बघतो. पियानो त्यांच्या मिसेसनी हौसेनं दिवाणखान्यासाठी घेतला होता. त्या गेल्या, वाजवायला घरात कोणी नाही. अहो, काय पियानो होता तो! काळा, आरशासारखा. मी त्यात माझा अंबाडा नीट केला. आणि शेठजी म्हणाले, "बेन, हर दशेरा पूजा की है. तेल-पानी सब टाइमसर."

तिथेच मी विरघळले. आपल्याकडे दसऱ्याला यंत्र पुसून, कुंकू लावून, झेंडू वाहून पहिलं तेल घालतात. तुम्ही तर सासूबाईंच्या शिलाई मशीनला, पंख्याला, माझ्या मिक्सरलासुद्धा सोडलं नाहीत. तेल घालणारा माणूस म्हणजे यंत्राची कदर असणारा माणूस, हे तुमचं ठाम मत. मी विचारायच्या आतच तुमचा आवाज आला, "घे. डोळे मिटून घे." भावही आपल्या आवाक्यात होता. मी पिशवीत हात घातला.

सूर लावणाऱ्या काकांना वैशूनं बरोबर आणलं होतं. ते अजून चहा पीत होते आणि ही पोरगी पियानोचं वरचं झाकण उघडून आत डोकं घालून बसली होती. बाहेर येऊन म्हणाली, "मम्मी, याच्यात तेल आहे."

"असणारच," मी म्हटलं. "यंत्र आहे ते."

तिनं मला वाकायला लावलं. आत तारांची रांग, आणि प्रत्येक तार एकेका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली. या खुंट्या मागच्या लाकडात नुसत्या घट्ट ठोकून बसवलेल्या असतात. सूर टिकतो तो त्या कोरड्या पकडीवर. शेठजींनी वर्षानुवर्षं नेमकं त्या खुंट्यांच्या बुडाशी थेंब थेंब तेल सोडलं होतं. काकांनी चावी लावून एक खुंटी फिरवली, सूर चढला, आमचा चहा संपेपर्यंत परत उतरला. "लाकूड तेल प्यायलंय," ते म्हणाले. "आता हे धरणार नाही. दुरुस्तीला पियानोपेक्षा जास्त लागतील."

शेठजींचा चेहरा बघवेना. "मैंने तो प्यार से किया," एवढंच ते म्हणाले. खरंच प्रेमानंच केलं होतं हो त्यांनी.

आणि मी काय केलं असेल? सगळं डोळ्यांनी पाहूनही मी रिक्षात वैशूशी भांडले. म्हटलं, "तुना पप्पानी हाऊच लिधा ऱ्हाता." तुझ्या पप्पांनी हाच घेतला असता. ही पोरगी एरवी माझ्याशी निम्मं गुजराती बोलते, अहिराणी बोलायची लाज वाटते तिला. तेव्हा मात्र अहिराणीतच म्हणाली, "पप्पा नही शेत ना आते, मम्मी. वाजाडनं माले शे."

पप्पा आता नाहीत. वाजवायचं मला आहे. यात खोटं काय होतं? तरी मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

त्या दोन दिवसांत मी पुष्कळ विचार केला. तुम्ही खरंच तो काळा पियानो घेतला असता. यात मला काडीची शंका नाही. झाकण उघडून तेलाचा वास घेऊन खूश झाला असतात, शेठजींशी हात मिळवून आला असतात. वैशू काही बोलली असती तर "पोरीला काय कळतं यंत्रातलं" म्हणून तिला गप्प केलं असतं, आणि मी तुमचीच री ओढली असती. मग वर्षभर सूर लावत बसलो असतो आणि तो उतरत राहिला असता. तुमचं चुकलं असतं, अहो. तुमचं चुकू शकतं, हे मी वर्षभर विसरूनच गेले होते. तुम्ही होतात तेव्हा तर मी रोज आठवण करून द्यायचे!

हे कळलं तेव्हा आधी मला रडू आलं. मग जरा मोकळं वाटलं. का ते मला नीट सांगता येणार नाही.

मी वैशूला म्हटलं, "तू बघ, तू ठरव. मी फक्त बरोबर येईन."

तिनं शोधला तो भेस्तान भागातला. एका फोटो स्टुडिओत. तिथे लोक पियानोला कोपर टेकून साखरपुड्याचे फोटो काढायचे. कोपरं टेकून टेकून एका कडेचं पॉलिश पार गेलेलं, वर चहाच्या कपांची वर्तुळं, बाजूला पडदा टांगायला ठोकलेला खिळा, पट्ट्या दातांसारख्या पिवळ्या. स्टुडिओवाला आता ड्रोनचे व्हिडिओ करतो, त्याला जागा हवी होती. "लई जाव, बेन, जग्या खाली थाय," म्हणाला. मला तर लाजच वाटली. भिशीतल्या लोकांना हा दाखवायचा?

वैशू मात्र आत डोकं घालून हसत होती. इतकी वर्षं कोणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, त्यामुळे बिघडवलंही नव्हतं. धूळ होती, दोन पट्ट्या अडकत होत्या, सूर फार खाली गेला होता. पण काकांनी खुंटी फिरवली आणि सूर जिथे नेला तिथे राहिला. चहा आला, संपला, तरी राहिला. पुष्कळशा पट्ट्या वाजवून, आतल्या लोकरी हातोड्या एकेक बघून वैशूनं माझ्याकडे पाहिलं. विचारायला नाही, सांगायला. मी पैसे तिच्याच हातात दिले, तिनं मोजून त्याला दिले.

काल तुमच्या खात्यातली माणसं सुताचा जड बीम उचलतात तसा उचलून तो घेऊन आली. नारळ फोडला, कुंकू लावलं. तेल कुठाय, असं कोणीतरी विचारलं आणि आम्ही दोघी एकदमच "नको" म्हणालो. सगळे बघतच राहिले.

मग जागेचा प्रश्न आला. आपल्या मागच्या भिंतीपलीकडे लूम चालतात, ती भिंत दिवसरात्र थरथरते. काकांनी बजावलं होतं, तिथे ठेवू नका. उरली दाराजवळची कोरडी भिंत. तिथे तुमची खाट. तुम्ही गेल्यापासून मी तिच्यावर कोणाला बसू दिलं नाही, तुमची चादरही तशीच होती. वैशू खाटेकडे न बघता म्हणाली, "मागच्या भिंतीला चालेल, मम्मी. आपण सूर जरा वरचेवर लावून घेऊ."

माणसं पियानो धरून उभी होती. सवयीनं मी मनात म्हटलं, "अहो, काय करू?" आणि मग उत्तराची वाट पाहिली नाही. चादर काढून घडी केली आणि खाट उचलायला सांगितली. शेजारच्या उषाताईंचे सासरे जमिनीवर झोपतात. खाट त्यांच्याकडे गेली.

संध्याकाळी काका सूर लावून गेल्यावर वैशू वाजवायला बसली. काय वाजवलं ते मला माहीत नाही. तुम्ही कुठूनतरी ऐकत असाल असं मला वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तसं वाटलं नाही. घरात मी होते आणि ती होती. तुमची आठवण मात्र फार आली, कारण छान झालं असं लगेच म्हणायला कोणीतरी हवं होतं. मग मीच म्हटलं. ती म्हणाली, "मम्मी, अजून सुरू कुठे केलंय?"

आता एक वचन देते आणि थांबते. यापुढे घरातलं काही ठरवताना मी तुम्हाला विचारणार नाही. वैशूला विचारेन, आणि कधी कोणालाच नाही. तुम्हाला फक्त मागाहून सांगेन, काय ठरलं ते. रागावू नका. वर्षभर मी तुम्हाला इतकं कामाला लावलं, की तुम्ही गेलात याचं नीट वाईट वाटून घ्यायला मला सवडच झाली नाही. ते आता घेते.

तुमची,
कमल