होडी गाडीवाटेनं नेली त्याची हकिकत

निमगाव केतकी,
ता. १४ मार्च १९९७

तीर्थस्वरूप बापूसाहेबदादा यांस,

बाजीरावचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा लिहिण्यापुरता. गेल्या रविवारपासून माझी कंबर धरली आहे, तेव्हा सध्या उभ्यानंच केला असं समजावं.) इकडे सर्व ठीक. वहिनींचे गुडघे कसे आहेत? थोरल्या नातवाला दात आले म्हणे. सांगवीला तुमच्या रानात यंदा ऊस डोक्याच्या वर गेलाय असंही कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका. एकवीस वर्षं आपण बोलत नसलो, तरी मी ऐकायचा थांबलो नव्हतो. लहानपणी मी तुम्हाला बापू, अरे बापू म्हणत होतो, पण चुलतभाऊ पाच वर्षांनी थोरला असला आणि इतक्या वर्षांनी पत्र जात असलं, की अहो-जाहो बरं दिसतं. पाकीट उलटून माझं नाव बघितल्यावर तुम्ही पत्र चुलीत घालायला निघाला असाल, तर जरा थांबा. निदान होडी अडकते तिथपर्यंत वाचा.

तर आमच्या मनिषाला स्थळ आलं आहे. (मनिषा म्हणजे धरणात बुडणारं आपलं गाव सोडलं तेव्हा दुपट्यात होती ती. आता इंदापूरला शाळेत शिकवते आणि मलाही शिकवते.) मुलगा नागेश, दुधाच्या डेअरीत तपासनीस, बोलायला मऊ. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत, राहिली ती फक्त सुपारी. ती अडली मुलाच्या वडिलांपाशी. सोपानराव हे फलटणकडचे निवृत्त हेडमास्तर, आणि त्यांना पक्ष्यांचा नाद. आपल्या धरणाच्या फुगवट्यावर परदेशातून रोहित पक्षी येतात, मावळतीला थव्यानं उडाले की पंखाखालचा लाल रंग दिसतो, असं कात्रण त्यांनी पाकिटात जपून ठेवलेलं. ते म्हणाले, आधी तुमचे पक्षी बघू, मग सुपारीचं बघू. मी म्हणालो, त्यात काय, ते पाणी म्हणजे माझंच गाव. (माझ्या लेखी ते उंच पायांचे बगळे. पण व्याही होऊ घातलेल्या माणसाला असं सांगत नाहीत.)

दुसरी गोष्ट त्यांनी जेवताना विचारली. म्हणाले, बोलणी करायला तुमची भावकी कशी दिसत नाही? आमच्यात चुलता-चुलतभाऊ बसल्याशिवाय सोयरीक होत नाही. आता मी काय सांगणार? दादा, मी तुमच्याबद्दल वाईट सांगितलं. माझा चुलतभाऊ हेकट आहे, धरणाच्या मोबदल्याच्या वेळी आमची चांगली बांधीव विहीर त्यानं स्वतःची म्हणून सांगितली, तेव्हापासून येणं-जाणं नाही, असं म्हणालो. वर हेही म्हणालो, की मी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली तरी त्याला पटलं नाही. सोपानराव पापड मोडत म्हणाले, भंडारा उचलला म्हणजे प्रश्नच मिटला. आमच्या झुंबरनं (तुमची धाकटी भावजय, तिला सगळं ठाऊक) माझ्या ताटात न विचारता दोन पळ्या आमटी ओतली. ती चिडली की अशीच वाढते.

रविवारी दुपारी चारला आम्ही डाळजच्या अंगानं पाण्यावर गेलो. सोपानराव, त्यांच्या मंडळी ताईबाई, झुंबर, मनिषा आणि मी. होडी महिपती भोयाची. मासे धरायची होडी, पण त्यानं पाहुण्यांसाठी आत पोतं अंथरलेलं. महिपतीचा बेत साधा होता: नदीच्या जुन्या पात्रातनं खोल पाण्यानं सरळ जायचं, तासाभरात पक्ष्यांजवळ, मावळती बघायची आणि परत. तिथं मी गप्प बसलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण सोपानरावांनी नुसतं विचारलं, की तुमचं गाव नक्की कुठं होतं हो, आणि माझ्या अंगात पाटीलकी शिरली. म्हणालो, महिपती, लांबनं कशाला, गावातनं घे. वाट मी सांगतो.

आणि दादा, मी वाट सांगितली ती गाडीवाटेची. वर चहूकडे सपाट पाणी, कुठूनही कुठंही जावं, पण मला काही सरळ जाववेना. वेशीपासून चावडी, चावडीवरून डावीकडं, पाराला वळसा, असं मी होडीला फिरवत होतो. पाणी उतरत चाललंय, त्यामुळे कुठं पाराचा कट्टा, कुठं चिंचेचं खोड हाताभर वर दिसत होतं, आणि एकेक दिसलं की मला चेव येत होता. दगडाबाईच्या घराजवळ तर मी होडी थांबवून लांबून घ्यायला लावली, कारण तिच्या अंगणातनं कुणी गेलेलं तिला खपत नसे. महिपती म्हणाला, “आवो पावणं, त्या म्हातारीला जाऊन धा वर्सं झाली, आन् अंगणावर दोन पुरुस पाणी हाय.” मी म्हणालो, असू दे, तू लांबनंच घे. तुम्ही होडीत असता तर तुम्हीही हेच सांगितलं असतं, पैजेवर सांगतो.

बिरोबाच्या देवळावरून जाताना मी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. देवळाचा कळस तेवढा वर होता, त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला. सोपानरावांना तो फार आवडला, ते वहीत टिपून घेत होते. मी खाली वाकून हात जोडले आणि मला एकदम आठवलं, की बरोबर याच्या खाली, इथंच, मूठभर भंडारा हातात घेऊन मी काय बोललो होतो. तुम्ही नुसता फेटा सारखा करून पायऱ्या उतरून गेला होता. तुम्ही मला तेव्हा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. या विचारात माझा पाय हलला आणि काढून ठेवलेली डाव्या पायाची चप्पल पाण्यात गेली. पालथी होऊन बुडाली. (चप्पल बुडत नाही म्हणतात. माझी बुडाली.) ताईबाई हळूच म्हणाल्या, देवानं एक ठेवून घेतली वाटतं. त्या बिचाऱ्या सहज म्हणाल्या, पण मी उरलेली चप्पल घट्ट धरली.

या सगळ्या वळशांत ऊन उतरलं. पक्षी अजून लांब, एक गुलाबी रेघ तेवढी दिसत होती. सोपानराव घड्याळ बघायला लागले आणि बोलायचे बंद झाले. हेडमास्तर बोलायचा बंद झाला की काय होतं ते शाळेत गेलेल्याला माहीत असतं. मनिषा माझ्याकडे बघत होती. मी घाईनं म्हणालो, आता मळ्याच्या वाटेनं आडवी घे, आमच्या रानातनं निघालो की पक्षीच. महिपतीनं आडवी घेतली, आणि खालून असा आवाज आला, जसे कुणी करकरून दात खाल्ले. होडी एका जागी बसली. पुढं नाही, मागं नाही, नुसती उगवतीच्या अंगाला कलती.

महिपतीनं बांबूनं चाचपलं, मग मी हात घातला. वीतभर पाण्याखाली दगड लागला. त्यावर बोटं फिरवली आणि दादा, माझ्या बोटांना एडक्याची वळलेली शिंगं लागली. आपल्या आबांनी टाकीनं कोरलेली. मेंढरं सोडून रान धरलं तेव्हा रोवलेला आपल्या हद्दीचा दगड. त्याच्या मावळतीला माझं रान, उगवतीला तुमचं, हे मी सगळ्यांना मोठ्यानं सांगूनही टाकलं. एकवीस वर्षं ज्याच्यावरून आपण भांडलो त्यानं आमची होडी पोटाला धरून ठेवली होती.

आता इथं नीट वाचा. महिपती म्हणाला, “हितं गुडघाभरच पाणी हाय, म्या उतरून ढकलतो,” आणि त्यानं पाय उचलला तो होडी कलली होती त्या बाजूला, उगवतीकडं. सोपानराव म्हणाले, अहो, विहीर इथंच कुठं होती ना? कुठल्या बाजूला? आणि स्वतःच उत्तर दिलं, की बाजीराव जेवताना म्हणाले विहीर त्यांची, तेव्हा ती दगडाच्या अलीकडं, त्यांच्या रानात, म्हणजे मावळतीला. मग ही बाजू बरोबर आहे, उतरा. माझंच खोटं त्यांनी इतकं नीट पाठ केलं होतं. महिपतीचा एक पाय होडीबाहेर, आणि त्याच्या पायाखाली गुडघाभर पाणी नव्हतं, आपली साठ हात खोल विहीर होती. गप्प बसलो तर माणूस जातोय. बोललो तर भंडारा उचलून खोटं बोलणारा बाप म्हणून पोरीची सोयरीक जातेय. विचार करायला एवढासुद्धा वेळ नव्हता, आणि नव्हता तेच बरं.

मी ओरडलो. “उतरू नगं! हीर तिकडंच हाय! हीर बापूदादाची हाय, मी खोटं बोललोय!”

इतक्या जोरात ओरडलो की लांबची ती गुलाबी रेघ उठली. सगळा थवा एकदम. आमच्या डोक्यावरून गेला, मान लांब, पाय लांब, आणि खालून मावळतीचं ऊन लागून पंख असे लाल, की ताईबाईंनी झुंबरचा हात घट्ट धरला. सोपानराव तोंड उघडं टाकून वर बघत होते, टोपी पाण्यात पडली तरी कळलं नाही.  महिपतीनं पाय आत घेऊन बांबू त्या बाजूला सोडला. बांबू सगळा आत गेला आणि तळ काही लागला नाही.

मग मी मावळतीच्या बाजूनं, माझ्या स्वतःच्या रानात, गुडघाभर पाण्यात उतरलो. महिपतीही आला. दोघांनी मिळून होडी दगडावरून सोडवली, माझी कंबर तिथंच गेली. परत येताना महिपतीनं नदीच्या पात्रातनं सरळ आणली, कुणालाही काही विचारलं नाही. मी माझी एक चप्पल मांडीवर घेऊन बसलो होतो. सोयरीक गेली असं धरूनच चाललो होतो, पण खरं सांगतो दादा, मानेवरचं जू उतरल्यासारखं वाटत होतं. इतका हलका मी पोरीच्या बारशालाही नव्हतो. काठावर उतरल्यावर महिपतीच्या घरी चहा झाला. सोपानरावांनी बशीतला चहा संपवला, ओली टोपी पिळली आणि म्हणाले, “पक्षी बघितले. आता त्या विहिरीवाल्या भावाला बोलवा. ते सतरंजीवर बसल्याशिवाय मी सुपारी फोडणार नाही.” मनिषा घरात जाऊन रडली आणि हसत बाहेर आली. झुंबरनं रात्री मला मोजून एकच पळी आमटी वाढली. म्हणजे राग गेला.

तर अशी हकिकत. सगळे सुखरूप आहोत. महिपती तर फारच सुखरूप. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा असावी.

आपला धाकटा,
बाजीराव

ता. क. – मुख्य ते लिहायचं राहिलं. सुपारी पाडव्याला आहे, सकाळी नऊला, आमच्या दारात. बापू, तू ये. एसटीनं आलास तर मी स्टँडवर उभा असेन, कंबर कशी का असेना. विहीर तुझी होती, हे मी सगळ्या भावकीसमोर बोलणार आहे. येताना देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा आण. माझ्या हातचा आता बिरोबा घेईल असं वाटत नाही, तू मनिषाच्या कपाळाला लाव.

ता. क. दुसरा – विहीर तुझी, पण विहिरीवरचं जांभळाचं झाड माझ्या बाजूला झुकलेलं होतं, एवढं तूही मान्य करशील. त्याचं आपण जेवताना बोलू.

ता. क. शेवटचा – महिपती भोयाचा जन्म पाण्यावरचा. तो विहिरीत पडला असता तर दोन हात मारून, चूळ टाकून वर आला असता. हे मला होडी काठाला लागल्यावर आठवलं. ओरडायच्या आधी आठवलं असतं, तर मी गप्प बसलो असतो. नक्कीच बसलो असतो. नाही आठवलं, ते किती बरं झालं. पण हे सोपानरावांना सांगू नकोस. ते मला खरं बोलणारा माणूस समजायला लागलेत.