न ऐकलेला खोकला

इंदिरानगर, रविवार संध्याकाळ

आज अण्णांना शेवटी खरं सांगितलं. मी शाळेत असताना अण्णा रेडिओवर लोकगीतं गायचे. तेव्हा कार्यक्रम थेट व्हायचा, रेकॉर्डिंग नाहीच. गाणं सुरू करण्याआधी अण्णा हळूच खोकायचे. गावाकडे, सायखेड्याला, रेडिओ ऐकणाऱ्या आम्हा घरच्यांसाठी ती खूण. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला आई मळ्यात होती आणि मी, नालायक, क्रिकेटची कॉमेंट्री लावून बसलो. ते घरी आल्यावर म्हणालो, "ऐकलं ना! तुम्ही खोकलात तेसुद्धा." तो खोकला चाळीस वर्षं टोचतोय मला. म्हणून आज सांगूनच टाकलं.

अण्णा म्हणाले, "माहीत हाय मला. त्या दिशी गडबडीत खोकायचंच राहिलं व्हतं."

मग इतकी वर्षं आल्यागेल्याला "पोरानं माझा खोकलासुद्धा ऐकला" असं कौतुकाने का सांगत राहिले?