दोंडाईचाहून परत आलेली तबकडी

मी, लीलाधर सुकदेव भंगाळे, वय वर्षे सदुसष्ट, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त, राहणार बळीराम पेठ, जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे एक चष्मा धरून ठीक आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांची नावे मला ठाऊक आहेत, पण ती येथे देत नाही. लिहिण्यास प्रारंभ १६ सप्टेंबर १९७३.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पत्नी यशोदाबाई हिने हयातीपर्यंत वापरावे. तिच्यानंतर ते एदलाबादला दिलेली आमची एकुलती मुलगी ताईबाई हिचे. तिच्या यजमानांचे, म्हणजे हिलालरावांचे, नाव मी मुद्दाम घालत नाही. मागील दिवाळीला ते पुढच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पावले टाकीत चालले. विचारल्यावर "पाय मोकळे करतो" म्हणाले. पाय मोकळे करणारा माणूस आकडे पुटपुटत नाही.

कलम २. पोस्टातील बचत यशोदाबाईची. पासबुक कोठे आहे हे तिला ठाऊक आहे. शेजारच्या मंजुळाबाईंनाही ठाऊक असावे, कारण पितळी डब्यांचा विषय निघाला की त्या गप्प होतात.

कलम ३. शिशाचे सील मारण्याचा चिमटा जावयांना द्यावा. तो रेल्वेचा नाही, मी बाजारातून घेतला आहे आणि पावती चिमट्यालाच बांधली आहे. निरोपसमारंभाच्या दिवशी साहेबांनी हसत हसत विचारले होते, "भंगाळे, सगळं जमा केलंत ना?" ते हसणे मी विसरलेलो नाही.

कलम ४. चावीचा ग्रामोफोन आणि जॅझच्या एकशे बारा तबकड्या. येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी भुसावळला होतो. तेथे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी गोऱ्या ड्रायव्हर-गार्डांचा नाच असे. बाहेरच्या कट्ट्यावर बसून मी हे संगीत प्रथम ऐकले आणि नादी लागलो. वडील म्हणत, "पोराला झपाटलंय." सत्तेचाळीस साली एक ड्रायव्हर विलायतेला निघाला, तेव्हा त्याने आपल्या तबकड्या मला दिल्या. त्यांत लाल लेबलाची एक होती. अमेरिकेतल्या काळ्या वादकांचे एक पथक युद्धापूर्वी मुंबईच्या हॉटेलात वाजवीत असे, त्यांनी तेथेच भरलेली. अशा फार थोड्या निघाल्या, असे तो म्हणाला. मला दुसरी कोठे पाहायला मिळाली नाही.

पुढे जळगावच्या पार्सल ऑफिसात दोंडाईचाचे मिरचीचे व्यापारी रिखबचंद लालचंद यांची ओळख झाली. मिरचीची पोती नोंदवता नोंदवता मी काही गुणगुणत होतो. हा गृहस्थ काउंटरवर बोटांनी ठेका धरू लागला, आणि तो बरोबर होता. साऱ्या खानदेशात या नादाची आम्ही तीनच माणसे. मी, रिखबशेठ आणि शिंदखेड्याच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा अभिमन. रिखबशेठ आठवड्याला एक कार्ड टाकीत. "मिरचीला उठाव नाही. क्लॅरिनेटवाल्याने दुसऱ्या फेरीत श्वास कुठे घेतला, ते ऐकून कळवा. लाडकुंवरचा गुडघा बरा आहे." लाडकुंवर या त्यांच्या पत्नी. मीही तसेच लिहीत असे. तबकड्या सरकी काढलेल्या कापसात बांधून सुरत पॅसेंजरच्या गार्डाबरोबर जात-येत. चौदा वर्षांत एकही फुटली नाही.

बासष्ट साली लाल लेबलाची तबकडी महिनाभर दोंडाईचाला होती. परत आली, लावली, आणि माझ्या अंगावर काटा आला. ती ती नव्हतीच. गाणे तेच, पण आवाज उतरलेला, ढिला, जणू सारे वादक जेवून वाजवीत आहेत. रिखबशेठने मूळ तबकडी ठेवून घेऊन दुसरी, हलकी प्रत पाठवली, हे मी त्याच क्षणी ओळखले. पुढे त्यांच्याकडे कधीकाळी गेलेल्या इतर तबकड्याही एकेक करून लावल्या. साऱ्यांचा तोच प्रकार. चौदा तबकड्या बदलल्या गेल्याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. त्यानंतर यशोदाबाईची आरतीची तबकडीही उतरलेली निघाली. ती तर घराबाहेर गेलीच नव्हती. तेव्हा यशोदाबाईने माझ्या माघारी ती कोणाला तरी दिली असणार, असे मी ठरवले आणि तसे तिला वेळोवेळी बोललोही.

मी रिखबशेठशी पत्रव्यवहार बंद केला. कारण कळवले नाही. चोराला चोरी सांगायला मी काही फौजदार नव्हे.

पर्युषणानंतर जैन मंडळी वर्षभराच्या चुकांची क्षमा मागणारी कार्डे पाठवतात, हे येथे सर्वांना माहीत आहे. रिखबशेठचे कार्ड पूर्वी मलाही छापील येई. बासष्टपासून हाताने लिहिलेले येऊ लागले. "जाणता-अजाणता आपले मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. काय चुकले ते कळवाल तर उपकार होतील." गिऱ्हाइकांना छापील आणि मला हाताने, हे का? मन खात असल्याशिवाय कोणी एवढे लिहीत नाही. आणि काय चुकले ते विचारण्यामागे मला कितपत कळले आहे याचा अंदाज घेण्याचा डाव होता. मी एकाही कार्डाला उत्तर दिले नाही. बासष्टपासून आजवरची बाराही कार्डे पुरावा म्हणून जपली आहेत. ती कबुलीजबाबासारखीच आहेत.

सबब ग्रामोफोन आणि सर्व तबकड्या अभिमनला द्याव्यात, आणि रिखबचंद यांना त्यांतील एकही ऐकू देऊ नये.

(१९ सप्टेंबर. वरील कलम ४ मधील शेवटचे वाक्य मी रद्द करीत आहे. समासात सही केली आहे. कारण पुढे.)

कलम ५. तबकड्या घेण्याआधी एकदा तपासून घे, म्हणून मी अभिमनला बोलावले. तो काल दुपारी क्लॅरिनेट घेऊन आला. लाल लेबलाची चाल त्याने अठ्ठावन्न साली याच खोलीत, याच मशीनवर ऐकून बसवलेली, आणि आजही वरातीत वाजवतो. मी तबकडी लावली. त्याने सोबत वाजवायला घेतले, आणि पहिल्याच फेरीत दोन्ही सूर एकमेकांच्या उरावर बसले.

"पाहिलंस?" मी म्हणालो. "बनावट आहे. आता तूच साक्षीला."

अभिमनने कपाटातून ज्या कधीच कुठे गेल्या नव्हत्या त्यांतल्या चार तबकड्या काढल्या, शेवटी आरतीचीही लावली, आणि प्रत्येकीबरोबर वाजवून पाहिले. मग मशीनशेजारी उकिडवा बसला.

"भाऊ, तबकडीले काही व्हयेल नही," तो म्हणाला. "तुमनं मशीन धीरे फिरस. बठ्ठ्या तबकड्या, आरतीनी बी, अर्धा सूर खाले शेतस. मशीन कधी उघाडं व्हतं का?"

उघडले होते. बासष्ट सालीच, तबकडी दोंडाईचाला असताना स्प्रिंग तुटली होती. ती मी पेठेतल्या रुपचंद घड्याळजीकडून बदलून घेतली. काम झाल्यावर चावी सुरळीत फिरते एवढेच मी पाहिले होते. अभिमनने चार आण्याच्या नाण्याने वेगाचा स्क्रू किंचित फिरवला आणि लाल लेबलाची पुन्हा लावली. या वेळी क्लॅरिनेट तबकडीत मिसळून गेले. कोठे अभिमन आणि कोठे तो मुंबईचा काळा वादक, मला सांगता येईना. अकरा वर्षांनी ती मला ऐकू आली. मी रडलो. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत हे ठाऊक आहे.

यशोदाबाई दारात उभी होती. आरतीच्या तबकडीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. एवढेच म्हणाली, "त्या माणसाला तुम्ही एकदा तरी विचारलं होतं का?"

नव्हते विचारले. संशय मी पोटच्या पोरासारखा वाढवला. पार्सल ऑफिसात दर पोत्यात काहीतरी दडवलेले असणार असे धरून चालायची सवय लागली, ती घरी घेऊन आलो. यशोदाबाईची मी येथे लेखी माफी मागतो. रुपचंद घड्याळजीवर माझा राग आहे, पण तो वारला आहे, आणि मुद्दाम त्याने केले नसावे.

कलम ६. ग्रामोफोन आणि एकशे अकरा तबकड्या अभिमनच्या. लाल लेबलाची तबकडी या मृत्युपत्रात नाही. ती मी जिवंतपणी, स्वतःच्या हाताने रिखबशेठना देणार आहे. कपाटावरची यादी मी फाडली.

कलम ७. रिखबशेठनी या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी, असा निरोप अभिमनबरोबर पाठवला आहे. कारण कळवलेले नाही. कार्डावर तीनदा लिहायला घेतले, जमले नाही. ते येतील असे अभिमन म्हणतो. मला खात्री वाटत नाही, मी त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो. साक्षीदाराला मजकूर दाखवण्याची गरज नसते असे वकिलांनी सांगितले. तरी आले तर कलम चार आणि पाच मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे.

वरील सर्व मी शुद्धीवर असताना लिहिले. यापूर्वी शुद्धीवर होतो की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

सही: लीलाधर सुकदेव भंगाळे
जळगाव, २३ सप्टेंबर १९७३

साक्षीदार १. लोटन बुधा पाटील, निवृत्त पोस्टमन, जळगाव. सही आमच्या दोघांसमोर झाली.

साक्षीदार २. रिखबचंद लालचंद, व्यापारी, दोंडाईचा. लीलाधरभाऊंनी माझ्यासमोर सही केली. कलम चार व पाच त्यांनी वाचले, मी ऐकले. बासष्टच्या वैशाखात माझी मुलगी प्रेमकुंवर हिचे लग्न झाले. पंगतीत भाऊंचा मान चुकला असेल असे मी आजवर धरून होतो. वाढप्यांना विचारले, व्याह्यांनाही विचारले, कोणालाच काही आठवेना. तबकडीचे मनात आले नाही.
सही: रिखबचंद लालचंद